६० कॉम्बिनेशन आणि एक घोंगडी

मंडळी, औंध म्हटलं की पुणेकरांना ट्रॅफिक आणि सिग्नल आठवतो. मी म्हणतोय ते औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, यमाईचं. शनिवारी पहाटे लॅपटॉप बंद करून, रहिमतपूरमार्गे तिकडे जाणारे आमच्यासारखे बरेच आहेत. त्यांच्या सॅकमधले कपडे हा आजचा विषय.

सध्या ऑफिसात 'कॅप्सूल वॉर्डरोब'ची साथ आली आहे. मोजके कपडे घ्यायचे, सगळे एकमेकांवर जाणारे. कल्पना जुनीच. लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी ती १९७० च्या दशकात मांडली. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉना कॅरन यांनी 'सेव्हन ईझी पीसेस' या नावाने ती गाजवली. दोघींचा धंदा कपडे विकण्याचा. त्यात गैर काहीच नाही. पण 'कमी कपडे ठेवा' हा सल्ला दुकानातून आला, तर आपण निदान बिल तरी नीट वाचावं की नाही?

आमच्या टीममधल्या एकाने साधेपणासाठी १२ नवे कपडे घेतले. जुने कपाटात तसेच आहेत! कोड सुटसुटीत केला म्हणायचं आणि जुना सगळा कमेंट करून फाईलमध्येच ठेवायचा, तसला प्रकार. वर हिशोब ऐकवतो: ५ शर्ट, ४ पॅन्टी, ३ जॅकेटं, एकूण ६० कॉम्बिनेशन. अरे बाबा, वीकेंडला दिवस २!

माझा आक्षेप नेमका इथे आहे. कॉम्बिनेशन मोजणं म्हणजे आपण किती वेळा वेगळे दिसू हे मोजणं. कपड्याचं मोजमाप असं असावं, की त्याने किती कामं भागतात.

हे मला शिकवलं आमच्या आबांनी. एका जूनमध्ये मी नवंकोरं जॅकेट घालून शेतावर गेलो. लेबलवर 'पाणी रोखणारं' असं लिहिलेलं होतं. वळवाचा पाऊस आला आणि दहा मिनिटांत आतला शर्ट पिळायची वेळ आली. आबांनी अंगावरच्या घोंगडीची खोळ माझ्या डोक्यावर टाकली आणि एवढंच म्हणाले, "कितीला पडलं रं हे?" मी आकडा निम्मा करून सांगितला.

घोंगडी बघा. दख्खनी मेंढीची लोकर, धनगरांनी कातरलेली, सनगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेली. पावसात खोळ, थंडीत पांघरूण, रात्री अंथरूण, पाहुणा आला की बैठक. एक वस्तू, चार कामं, आणि मॅचिंगचा प्रश्नच नाही.

आता कुणीतरी म्हणेल, गरिबीचं कौतुक नको. बरोबर आहे. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात आजोबांकडे दोनच सदरे होते ते काही तत्त्व म्हणून नव्हे, तिसरा परवडत नव्हता म्हणून. त्याला साधेपणा म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. साधेपणा तोच, जो दुसरी सोय असताना निवडलेला असतो.

तसा निवडणारा माणूसही औंधाने पाहिला आहे. मॉरिस फ्रीडमन, पोलंडचे इंजिनिअर, बंगळुरूच्या सरकारी विजेच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. साहेबी पोशाख सोडून त्यांनी भगवी वस्त्रं घेतली आणि ते स्वामी भारतानंद झाले. १९३८ मध्ये औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, सत्ता प्रजेच्या हाती द्यायचं ठरवलं. तेव्हा गांधीजींच्या सल्ल्याने झालेल्या घटनेच्या कामात फ्रीडमन होते. जानेवारी १९३९ मध्ये ती घटना लागू झाली. कपड्यांचा विचार एकदाच करून मोकळा झालेला इंजिनिअर उरलेल्या वेळात काय करतो, त्याचं हे उदाहरण. आपण उरलेल्या वेळात कपड्यांचे सेल बघतो.

असो. नुसती टीका करणाऱ्याने स्वतःची यादी द्यावी, म्हणून देतो. दोन सुती शर्ट, एक जाड पॅन्ट, एक लेंगा, एक हाफपॅन्ट, एक स्वेटर, एक पंचा. मूळपीठाच्या पायऱ्या, वाटेतलं भवानी संग्रहालय, शेतातलं काम, सकाळचे सूर्यनमस्कार, कुणाच्या घरचं जेवण, सगळं यात बसतं. यातली एकही गोष्ट यासाठी नवी घेतलेली नाही. हीच माझी अट: आधी कपाट उघडा. दोन महिने तरी काही विकत घेऊ नका. कुठल्या कामाला खरंच कपडा कमी पडला ते लिहून ठेवा, आणि मग तेवढाच घ्या.

आणि कपाटातले ते कंपनीचे फुकटचे टीशर्ट? ते गावाकडे पाठवून आपण हलके होतो. मागच्या खेपेला आबा ज्वारीत उभे होते आणि त्यांच्या छातीवर आमच्या एका बंद पडलेल्या प्रॉडक्टचं नाव होतं. आपला पसारा बापाच्या अंगावर टाकून आपण 'मिनिमलिस्ट' झालो, असं नका समजू. मी समजत होतो.

घोंगडी मात्र त्यांनी अजून मला दिलेली नाही. म्हणतात, "तुझ्याकडं जॅकेट हाय की."