पडत्या काळातला खेळाडू

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेला पूर आला की नावाडी नावा काठाला बांधून ठेवतात. मोडीत काढत नाहीत. माणसांच्या बाबतीत मात्र आपण एवढा धीर धरत नाही.

अजिंक्य रहाणेचेच पाहा ना! २०२२ च्या जानेवारीनंतर कसोटी संघातली त्याची जागा गेली. त्याच वर्षी आयपीएलमध्ये कोलकात्याकडून ७ सामन्यांत जेमतेम १३३ धावा. बचावात्मक खेळणारा हा गडी झटपट सामन्यांच्या कामाचा नाही, असा शिक्का बसला. डिसेंबरच्या लिलावात चेन्नईने त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीतच घेतले. कर्णधार धोनीने त्याला सांगितले ते एवढेच, की ताण न घेता आपला खेळ खेळ, आम्ही पाठीशी आहोत. ८ एप्रिल २०२३ ला वानखेडेवर त्याने २७ चेंडूंत ६१ धावा फटकावल्या! जूनमध्ये तो कसोटी संघात परतला आणि ओव्हलवर पहिल्या डावात ८९ धावा केल्या.

आपल्या घरातही कुणी परीक्षेत मागे पडतो, कुणाची नोकरी सुटते. अशा वेळी उपदेश सगळेच करतात. विश्वासाने काम सोपवणारा एखादाच भेटतो. तो घरातलाच असला तर किती बरे!