संगमावरचा बांध

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मालवाहतुकीसाठी खोदलेले कालवे म्हणजे खासगी उद्यमशीलतेचे अजोड स्मारक होय, असे मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते मोठ्या अभिमानाने सांगतात. कालवे खासगी कंपन्यांनी खोदले, हे खरेच आहे. परंतु दोन कंपन्यांचे कालवे जेथे भेटत तेथे काय घडे, याविषयी ते मौन बाळगतात. ते जाणायचे तर संगमांची नावे वाचली पाहिजेत.

बर्मिंगहॅममधील एका संगमाचे नाव आहे ‘वूस्टर बार’. वूस्टरकडून येणाऱ्या नव्या कालव्याला पार्लमेंटने १७९१ मध्ये मंजुरी दिली. पण आपले पाणी आणि आपला व्यापार जाईल या भयाने शहरातील जुन्या कंपनीने जोड नाकारली. दोन कालव्यांमध्ये सात फूट रुंदीचा बांध राहिला. १७९५ पासून वीस वर्षे मजुरांनी एका नावेतील माल उचलायचा आणि बांधापलीकडच्या नावेत भरायचा! अखेर १८१५ मध्ये तेथे लॉक बांधले गेले. पाणी राखून नावा सोडण्याची ही विद्या त्या देशाला आधीपासूनच अवगत होती. मग वीस वर्षे मजुरांच्या पाठी वाकल्या त्या कोणासाठी?

मिडलविचचा ‘वॉर्डल कालवा’ तर अवघा १५४ फूट लांबीचा. ट्रेंट आणि मर्सी कंपनीने १८३३ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या शाखेला आपल्या कालव्याशी थेट भिडू दिले नाही. शेवटचा तुकडा स्वतः बांधला आणि तेथे कर बसवला. त्याला कालवा म्हणायचे की पाण्यातले जकातनाके?

कोणी म्हणेल, नकाशात इतके बारकावे कशाला? नाव बदलले म्हणून पाणी वाहायचे थोडेच थांबते? हा युक्तिवाद भोळा नाही, सोयीचा आहे. लहान प्रमाणाच्या नकाशावर सात फुटांचा बांध दिसतच नाही. दोन रेषा सुखाने भेटलेल्या दिसतात. बांध होता याची साक्ष केवळ नाव देते. ते पुसले की मक्तेदारीचा पुरावा पुसला जातो. तीच गोष्ट कष्टकऱ्यांनी दिलेल्या नावांची. ऑथर्लीच्या संगमाला नावाडी ‘कट एंड’ म्हणत. नावेतच संसार करणारी ही कुटुंबे बहुतांशी निरक्षर. त्यांची नावे जिभेवर जगली. नकाशात अधिकृत नावाशेजारी त्यांनाही मानाचे स्थान हवे.

१ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनमधील बहुतेक कालवे राष्ट्राच्या मालकीचे झाले. पण तोवर रेल्वेने त्यांचा व्यापार केव्हाच हिरावून घेतला होता. समाजाच्या मालकीला इतका उशीर परवडत नाही, हा त्यातील धडा.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले आहेत. रेषा राष्ट्रीय झाल्या. पण त्या जेथे रस्त्याला, रेल्वेला, एकमेकींना भेटतील, तेथील धक्के कोणाचे आणि कर ठरवणार कोण? कार्यकर्त्यांनी नकाशा हाती घेऊन प्रत्येक संगमाशी हा प्रश्न विचारला पाहिजे. आज तो विचारला नाही, तर उद्या तेथेही बांध उभा राहील, आणि माल वाहणाऱ्या पाठी आपल्याच असतील.