गाणे मंडळीचे आहे

परवा एका ख्रिस्ती वक्त्याने ठणकावून सांगितले की, उपासनेतले गायन आता तयारीच्या गळ्यांकडेच सोपवावे. कारण काय, तर मंडळी बेसूर गाते, 'उपासना संगीत'मधली गीते रेंगाळतात आणि तरुण कंटाळतात. मंचावर गिटार, ड्रम आणि चार पारंगत गायक असावेत. बाकीच्यांनी डोळे मिटून मनात गावे.

हा विचार नवा नाही. नेमलेल्या गायकांखेरीज कोणी गाऊ नये, असा नियम चौथ्या शतकात लावदिकियाच्या धर्मसभेने केलाच होता. पुढे युरोपातला सामान्य माणूस कित्येक शतके चर्चमध्ये बहुतांशी ऐकतच उभा राहिला. १५२४ साली मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांसाठी जर्मन गीतांची छापील पुस्तिका निघाली. तिच्यात गीते अवघी आठ होती, पण ती लोकांनी गायची होती. आता आम्ही पुन्हा मुके व्हायचे?

बेसूरपणाचा आरोप तर मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. मंडळी बेसूर का होते, हे कोणी पाहिले आहे? मंचावरचा गायक आपल्या गळ्याला शोभेल ती पट्टी धरतो. दोन कडव्यांनंतर चाल तार सप्तकात चढते. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाचा आवाज तिथे पोचत नाही; तो आधी पुटपुटतो, मग गप्प होतो. सूर आपण शेजाऱ्याच्या आवाजाला धरून लावतो, आणि स्पीकरच्या भिंतीपुढे शेजाऱ्याचा आवाजच बुजतो. त्यात दर रविवारी नवे गाणे. जुन्याची चाल अजून तोंडी बसलेली नसते. एवढे सगळे करून वर मंडळीलाच बेसूर म्हणायचे! आमच्या गावच्या चर्चमधले पेटीवाले काका पहिल्या ओळीला लोकांच्या तोंडाकडे बघत. बायकांचा आवाज ताणला की पुढच्या कडव्याला पट्टी उतरवत. सारे चर्च गायचे.

तरुणांचे म्हणाल, तर गिटारशी माझे भांडण नाही. ती जरूर वाजवा. टाळ-मृदंग चर्चमध्ये परके म्हणून नाके मुरडणारेही आपण पाहिले आहेत, आणि तो वादही फोलच होता.

मार्काच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघतात. त्या शिष्यांत मासे धरणारे होते, निवडक गवई नव्हते. आपल्याकडे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तुकोबांच्या वाटेने येऊन अभंग आणि भजने लिहिली. एकाने ओळ सांगायची, सर्वांनी उचलायची, ही भजनाची रीत. तिला पुस्तक लागत नाही. म्हणूनच अक्षरओळख नसलेल्या कितीतरी आज्यांना गीतेच्या गीते पाठ होती. दफनाच्या वेळी कबरीपाशी वीज नसते, मंच नसतो. तिथे पहिली ओळ त्याच उचलत.

पाळकांना आणि गायक मुलामुलींना माझी विनंती आहे. येत्या रविवारी एक तरी गीत स्पीकर बंद ठेवून, पट्टी दोन सूर खाली घेऊन गा, आणि मंडळीचा आवाज ऐका.