उपाशीपोटीची साखर

१४ नोव्हेंबरच्या सुमारास शहापूर-मुरबाडकडे भाताची झोडणी चालू असते. त्या दिवशी उपकेंद्रात मधुमेह तपासणी ठेवली की खळ्यावरून उठून आलेल्या माणसांना पहिला प्रश्न ठरलेला: काही खाल्लंय का? खाल्लेलंच असतं. सकाळची भाकरी पोटात गेल्याशिवाय झोडणीला कोण उभं राहणार? मग उपाशीपोटीची साखर काढायची राहते, बोटाला टोचून येईल तो आकडा वहीत जातो आणि माणूस परत कामाला लागतो. तपासणीची वेळ आणि शेतकऱ्याची वेळ यांचं हे जुनं वाकडं आहे. पण या दोन तालुक्यांत उपाशी पोट आणि साखर यांचं नातं एवढ्यावर थांबत नाही. ते माणूस जन्मायच्याही आधी सुरू होतं.

१४ नोव्हेंबर हा दिवस फ्रेडरिक बँटिंग यांच्या जन्मतारखेवरून ठरला. १९२१ साली टोरांटोत त्यांनी चार्ल्स बेस्ट यांच्यासोबत इन्सुलिन वेगळं काढलं. १९९१ पासून त्यांच्या वाढदिवशी जगभर मधुमेह दिन पाळला जातो. आपल्याकडे त्याच तारखेला बालदिन येतो. सकाळी आश्रमशाळेत खाऊवाटप आणि त्याच रस्त्याला पुढे मोठ्यांची रक्ततपासणी. इकडचं खातं निराळं, तिकडचं निराळं, भाषणंही निराळी. आमचं म्हणणं असं की या दोन जागी एकाच दुखण्याची दोन टोकं उभी असतात. खाती वेगळी असल्यामुळे मधला धागा कोणाच्या हाती लागत नाही, एवढंच.

ठाणे जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा पट्टा सरकारी दप्तरात वर्षानुवर्षं कुपोषणाच्या रकान्यात बसलेला आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली वस्त्यांतली कमी वजनाची बाळं पावसाळ्यात बातमीत येतात आणि पाऊस ओसरला की बातमीतून जातात. आता त्याच गावांत ‘शुगर निघाली’ हे वाक्य कानावर पडू लागलं आहे. ऐकणारा चकित होतो, कारण मधुमेह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोट सुटलेला सुखवस्तू माणूस येतो. इथे समोर बसलेला असतो तो हातापायांच्या काड्या झालेला, पन्नाशी न गाठलेला गडी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०११च्या पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण १०.९ टक्के होतं, ग्रामीण भागात ६.५. त्याच मालिकेचा देशभराचा निष्कर्ष २०२३ साली आला: एकूण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी माणसं, आणि ग्रामीण भारतात ८.९. खेडं अजून शहराच्या मागे आहे, पण मागे असण्याचा हा मान फार दिवस टिकेल असं दिसत नाही.

का, याचं अर्धं उत्तर आपल्याच राज्यात सापडलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांची आणि त्यांच्या मुलांची नोंद ठेवली. बायांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं लहान, रोड, हे उघड दिसत होतं. पण मोजपट्टी आणि चिमटा लावल्यावर कळलं की ती सगळीकडून सारखी रोडावलेली नव्हती. स्नायू कमी, अवयव लहान, चरबी मात्र जवळपास शाबूत. याज्ञिकांनी या ठेवणीला ‘बारीक तरी चरबीदार’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि पुढे स्वतःवरच ते सिद्ध करून दाखवलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांची २१.२.

घरात धान्य कमी असलं की बाई आधी पोरांना वाढते, मग कामावर जाणाऱ्याला, उरेल ते स्वतःला. पोटातला जीवही असंच वाटप करतो. मेंदूला आधी, स्नायू आणि स्वादुपिंड यांच्या वाट्याला उरलंसुरलं. खाल्लेल्या अन्नातली साखर साठवायची मोठी कणगी म्हणजे स्नायू. कणगीच लहान विणली गेली आणि इन्सुलिन करणारं स्वादुपिंडही बेताचंच असलं, तर तंगी आहे तोवर सगळं निभतं. पुढे सुगी आली की साखर रक्तात सांडते. त्या सहा गावांतली मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा त्यांतली निम्मी कमी वजनाचीच होती; तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली पूर्वमधुमेहात, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर सापडल्या. यांना कोणत्या तोंडाने सांगायचं की जिभेवर ताबा ठेवा म्हणून?

याच अभ्यासातली आणखी एक नोंद शहापूरकरांनी ऐकण्यासारखी आहे. ज्या बायांना गरोदरपणात अंगमेहनत जास्त पडली, त्यांची बाळं लहान निघाली. ज्यांच्या पानात पालेभाजी, फळं, दूध होतं त्यांची बरी निघाली. आता शहापूरचा उन्हाळा आठवा. तालुक्यातल्या तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसा धरणाचा, तेही इथलंच. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते, नाहीतर डोक्यावर दोन हंडे घेऊन उतार उतरायचा आणि चढायचा. त्या रांगेत सात महिन्यांची पोटुशी बाई असते. धरणाच्या हिशेबात घनफूट, दशलक्ष लिटर सगळं असतं. तिच्या पोटातल्या जिवाचं घटलेलं वजन कुठे मांडलेलं नसतं. पाण्याच्या या प्रश्नाला आजवर आपण विकासाचा, राजकारणाचा प्रश्न म्हटलं. तो मधुमेहाचाही आहे.

उरलेलं अर्धं उत्तर ताटात आणि कामात आहे. भात इथे पूर्वापार खाल्ला जातो, त्याला दोष देऊन भागणार नाही. पण वरकस जमिनीवरची नाचणी आणि वरई मागे हटली. राब भाजायला, चढावर निंदायला घरात माणूस उरला नाही. उखळात कांडलेल्या तांदळाला अंगचा कोंडा असे. आता गिरणी पांढराशुभ्र दाणा काढते आणि कोंडा जनावरांना जातो. रेशनवर तांदूळ आणि गहू येतो, जानेवारी २०२३ पासून फुकट. तो नको म्हणणारा माणूस कधी उपाशी झोपलेला नसतो, त्यामुळे आम्ही तसं म्हणणार नाही. म्हणायचं एवढंच की पोट भरण्याची सोय झाली आणि ताट एकरंगी झालं. पावसाच्या तोंडाला ठाकरीण रानातून शेवळं, पुढे करटोली, भारंगी आणते, ती कल्याणला स्टेशनाबाहेर बसून विकते. येताना पोरांसाठी पाच रुपयांची पाकिटं घेते. शहराला रानभाजी, रानाला वेफर! हा व्यापार कोणीही ठरवून केलेला नाही, आणि तोट्यात कोण आहे हे उघड आहे.

कामाचंही तसंच. आवणीला दिवसभर वाकणारं, मोळ्या वाहणारं शरीर लहानशा कणगीवरही चाललं, कारण आलेली साखर त्याच दिवशी जळत होती. आज आसनगाव, वासिंद, खर्डीचा तरुण पहाटेची लोकल धरतो किंवा मोटरसायकलवर भिवंडीच्या गोदामाला जातो; मुरबाडचा एमआयडीसीत ठेकेदाराकडे रात्रपाळी करतो. चार वेळा साखरेचा चहा, नाक्यावरचा वडापाव, रात्री बरोबर काय लागतं ते सांगायला नको. महामार्ग झाले, शेवटी समृद्धीही जून २०२५ मध्ये शहापुरातून पुढे आमण्यापर्यंत पूर्ण झाला. जमिनी विकल्या गेल्या, फार्महाऊस उभी राहिली. ज्या तुकड्यावर बापाने नांगर धरला, तिथेच मुलगा फाटकाशी खुर्ची टाकून बारा तास राखण करतो. कुणबी-आगरी घरांत जमिनीचा पैसा आला, तिथे आजीच्या पिढीने काढलेले उपास आणि नातवाची सुबत्ता यांत जेमतेम तीस वर्षांचं अंतर पडलं. शरीराला बेत बदलायला तेवढा वेळ पुरत नाही.

उपचारांबद्दल थोडक्यात. मेटफॉर्मिनची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, तिशीवरच्यांची तपासणी आशाताईंच्या कामात आहे. अडतं ते पुढे. साखर उतरली की गोळी बंद होते, जांभळाच्या बियांची पूड सुरू होते. चिखलात अनवाणी उभ्या राहणाऱ्या पायाला बधिरता आली तरी कळत नाही, जखम चिघळल्यावर कळते. वीटभट्टीवरून खोकत परतलेल्याची क्षयासाठी थुंकी तपासली जाते, पण मधुमेह असला तर क्षयाची भीती दुप्पट-तिप्पट होते हे त्याला कोणी सांगत नाही. तीन महिन्यांच्या साखरेची रक्तचाचणीही रक्तक्षय किंवा सिकलसेल असलेल्या माणसात फसवा आकडा दाखवू शकते. शहरातले ठोकताळे पाड्यावर जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली हा वर्ग केला होता आणि १९९९ साली तो काढूनही टाकला होता. गरिबाच्या दुखण्याला यादीत जागा मिळवायलाही अशी ये-जा करावी लागते. पाड्यावरच्या प्रत्येक रुग्णाला तोच प्रकार आहे असं मुळीच नाही. बहुतेकांचा नेहमीचा दुसरा प्रकारच आहे. पण दोन्हींत आईच्या उपासाचा हात आहे. उलट बाजूचा पुरावा इंग्लंडमधून आला. तिथे महायुद्धातलं साखरेचं रेशनिंग १९५३च्या सप्टेंबरात उठलं. आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला मोजकी साखर आली, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी राहिला, असा अभ्यास २०२४ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपण आणि पहिली दोन वर्षं मिळून होणाऱ्या त्या हजार दिवसांत जास्तीची साखरही बाधते आणि अन्नाची कमीही बाधते.

म्हणून आमचा निवाडा असा: शहापूर-मुरबाडमधला सर्वांत मोठा मधुमेह प्रतिबंधक कार्यक्रम आरोग्य खात्याकडे नाहीच. तो अंगणवाडीत आहे. २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बायांना दिवसातून एकदा गरम ताट मिळायचं असतं. ते ताट उशिरा आलं, पातळ झालं, डाळीच्या जागी पाणी झालं, तर त्याची किंमत चाळीस वर्षांनी डायलिसिसच्या खाटेवर द्यावी लागेल. त्या ताटात आणि आश्रमशाळेच्या जेवणात इथलीच नाचणी-वरई विकत घेऊन घालावी, म्हणजे वरकस पुन्हा पिकेल. आश्रमशाळेतल्या मुलीचं वजन आणि रक्त तिच्या लग्नाआधी नीट व्हावं, गरोदर राहिल्यावर धावपळ करून नव्हे. आणि अंगणवाडीच्या नोंदवहीतलं जन्माचं वजन पुढे तिशीच्या तपासणीपर्यंत त्या माणसासोबत यावं. दोन खात्यांनी एकमेकांच्या वह्या उघडाव्यात, इतकंच त्यासाठी लागतं.

या आठवड्यात आपल्या गावच्या अंगणवाडीत दुपारच्या वेळी जा. ताटात काय आहे ते बघा. येत्या ग्रामसभेत दोन गोष्टी विचारा: गावात आज गरोदर बाया किती, आणि त्यांच्या घरी पाणी कोण भरतं.