तेविसाव्याचे काय?

मेलबर्नमधल्या हिवाळ्यातला गुरुवार म्हणजे आपल्याकडे कसोटी मालिकेसाठी संघ जाहीर होतो तसा दिवस. फरक इतकाच, की तो दर आठवड्याला येतो. शनिवार-रविवारच्या फुटबॉल सामन्यांचे संघ जाहीर होतात आणि ट्राममध्ये, कचेरीत, रात्रीच्या जेवणाला एकच वाद रंगतो : फॉर्म हरवलेल्या अमक्याला अजून किती दिवस सांभाळायचे? एक पक्ष म्हणतो, महिनाभर त्याला चेंडू सापडलेला नाही, पाठवा खालच्या संघात. दुसरा म्हणतो, मोठ्या सामन्यात तोच उभा राहील, जरा धीर धरा. घरोघरी हे दोन्ही पक्ष असतात आणि बहुधा एकाच सोफ्यावर बसलेले असतात.

हे फुटबॉल आपल्या ओळखीचे नव्हे. चेंडू लांबट, मैदान लंबवर्तुळाकार, एका बाजूला अठरा खेळाडू. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथाडला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. तरीही आपले त्याच्याशी दूरचे नाते आहे. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली सुचवले, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग मोकळे राहावे म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी नियम लिहिले गेले. आपण ज्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरच्या कसोटीसाठी पहाटे गजर लावून उठतो, तेथेच या खेळाचा अंतिम सामना होतो.

मी क्रिकेटच्या वाटेनेच या वादापर्यंत पोहोचलो, त्यामुळे तुलना मनात येतेच. २००३ च्या डिसेंबरात सचिन तेंडुलकरच्या ऑस्ट्रेलियातल्या पाच डावांची बेरीज ८२ होती. त्यातले दोन डाव मेलबर्नचे होते. पुढच्याच कसोटीत, सिडनीला, त्याने नाबाद २४१ धावा केल्या. ही गोष्ट 'धीर धरा' पक्षाच्या फार कामाची. पण क्रिकेटमध्ये निदान फॉर्म धावफलकावर वाचता येतो. या फुटबॉलमध्ये तीही सोय नाही. आघाडीचा एखादा खेळाडू दिवसभरात पाच-सहा वेळाच चेंडूला शिवतो. पण आपल्या पाठीवरच्या बचावपटूला असा ओढून नेतो, की मोकळ्या झालेल्या जागेत सोबत्याला गोल मिळतो. प्रशिक्षकाला हे दिसते, स्टँडमधल्या माणसाला दिसत नाही. अर्थात 'तुम्हाला दिसत नाही' हे उत्तर खरे असते तसेच सोयीचेही असते. म्हणूनच वाद मिटत नाही.

या वादाची सर्वांत कठीण परीक्षा २०१० साली झाली. २५ सप्टेंबरला कॉलिंगवूड आणि सेंट किल्डा यांचा अंतिम सामना एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ६८-६८ असा बरोबरीत सुटला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे आठवड्याने तो पुन्हा खेळायचा होता. कॉलिंगवूडला वीस वर्षांत विजेतेपद मिळाले नव्हते. प्रशिक्षक मिक मॅल्टहाउस यांनी संघात एकच बदल केला : लिऑन डेव्हिसला वगळले आणि टायसन गोल्डसॅकला घेतले.

डेव्हिस हा काही किरकोळ खेळाडू नव्हता. २००० सालापासून तो कॉलिंगवूडकडून खेळत होता. आदल्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात त्याची निवड झाली होती. पण २००२ आणि २००३ या दोन्ही अंतिम सामन्यांत त्याचा ठसा उमटला नव्हता आणि या बरोबरीच्या सामन्यातही नाही. पुण्याई मोठी, पण नेमक्या या मैदानावरची, या दिवसाची वही कोरी.

२ ऑक्टोबरला पहिला गोल कोणी केला? गोल्डसॅकने. एरवी बचावात खेळणारा हा गडी त्या दिवशी आघाडीला उतरला होता. कॉलिंगवूडने ५६ गुणांनी सामना जिंकला. प्रशिक्षक द्रष्टे ठरले. संघ हरला असता, तर याच निर्णयाला लोकांनी निर्दय म्हटले असते. निवडीचे शहाणपण आपण निकाल लागल्यावर मोजतो, आणि निवड करणाऱ्याला ते आधी दाखवावे लागते.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०११ साली हाच डेव्हिस बचावफळीत खेळला आणि पुन्हा देशाच्या सर्वोत्तम संघात आला. म्हणजे पाय थकले नव्हते, नजर गेली नव्हती. जागा चुकली होती. वगळलेला आघाडीवीर बचावात चमकला आणि त्याच्या जागी आलेल्या बचावपटूने आघाडीवर गोल केला. ज्याला आपण फॉर्म म्हणतो, त्यात खेळाडूचा वाटा किती आणि त्याला दिलेल्या कामाचा किती, हा प्रश्न या दोघांनी उघडा करून ठेवला आहे. त्या वर्षीचा अंतिम सामना मात्र कॉलिंगवूड हरले आणि २२५ सामने खेळून डेव्हिसने क्लब सोडला, विजेतेपदाच्या पदकाविना.

कारण नियम असा, की अंतिम सामना जिंकणाऱ्या त्या दिवशीच्या संघालाच पदके मिळतात. वर्षभर राबून शेवटच्या गुरुवारी ज्याचे नाव गळले, त्याच्या गळ्यात काही पडत नाही. २०१० मध्ये त्या एका विजेतेपदासाठी कॉलिंगवूडचे तेवीस जण अंतिम सामन्यात घाम गाळून गेले, पदके बावीसच.

मला विचाराल तर मॅल्टहाउस यांचा निर्णय बरोबर होता. संघनिवड हा गतसेवेचा सत्कार नव्हे. येत्या शनिवारी अमुक काम कोण करील, एवढाच तिचा प्रश्न. 'त्याने आपल्याला किती दिले' हा प्रेक्षकाचा प्रश्न वेगळा आहे, पण तोही खोटा नाही. आपला घोटाळा होतो तो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यात शोधताना. उपकार फेडायचे तर ते संघात जागा देऊन नव्हे, पदक देऊन फेडावेत.

दुर्मिळ आहे म्हणूनच पदकाला मोल आहे, असे नियमाचे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण २०१६ पासून बरोबरी झाली तर त्याच दिवशी जादा वेळ खेळवण्याचा नियम आला. दोन शनिवारांचा अंतिम सामना आता होणार नाही, म्हणजे नवा तेविसावा माणूसही होणार नाही. मग त्या एकाला पदक दिल्याने कोणाचे मोल कमी होणार आहे?