आधी उत्खनन, मग तटबंदी

२०२५ च्या जुलै महिन्यात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नावे जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाली, तेव्हा महाराष्ट्राला झालेला आनंद यथार्थच होता. परंतु सत्कार-समारंभांच्या गर्दीत एक साधा प्रश्न मागे पडला. पडका तट आधी बांधून काढावयाचा, की त्याच्या पायाशी काय पुरलेले आहे हे आधी पाहावयाचे? या प्रश्नाचा निवाडा करण्यासाठी आम्ही आज वाचकांना आयर्लंडच्या पश्चिमेस, अटलांटिक महासागरातील एका लहानशा बेटावर घेऊन जाणार आहोत. कारण एका गडाच्या बाबतीत हा प्रश्न तेथे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे, आणि त्याच्या उत्तराची किंमतही मोजून झालेली आहे.

गॉलवेच्या उपसागराच्या मुखाशी अ‍ॅरन नावाची तीन बेटे आहेत. त्यांतील सर्वांत मोठे इनिशमोर. सारा चुनखडक, माती पातळ, झाड विरळ, आणि लोकांच्या तोंडी अद्यापि जुनी गेलिक भाषा. या बेटाच्या दक्षिण अंगाला सुमारे १०० मीटर उंचीचा ताठ कडा समुद्रात उतरतो, आणि त्या कड्याच्या अगदी ओठावर ‘डून एंगस’ हा प्रागैतिहासिक गड उभा आहे. ‘डून’ म्हणजे गड. एंगस हा दंतकथेतील एक राजा. एकात एक असे तीन दगडी तट, आणि तिन्हींची टोके कड्याशी येऊन थांबलेली. समुद्राकडे तट नाही. तेथे कडा हाच तट. आत सामावलेली जागा सुमारे चौदा एकर. चुन्याचा स्पर्शही नसलेली, दगडावर दगड बसवून केलेली ही रचाई आपल्या कोकणातील गडग्याच्याच जातीची; फक्त हा गडगा काही ठिकाणी सोळा-सतरा फूट रुंद आहे! बाहेरच्या बाजूस अणकुचीदार दगड उभे-तिरपे रोवून एक रानच्या रान केलेले आहे. त्यातून धावत येणाऱ्या शत्रूची काय गत होत असेल, हे ज्याने पाऊल टाकून पाहिले त्यालाच कळावे.

एकोणिसाव्या शतकात विद्वानांचे लक्ष या गडाकडे वळले. १८३९ साली जॉन ओडोनोव्हन हा भाषापंडित भूमापनाच्या कामानिमित्त तेथे गेला. १८५७ साली तर ब्रिटिश असोसिएशनच्या डब्लिन येथील अधिवेशनानंतर विद्वानांची मोठी मंडळी बोटीने बेटावर उतरली आणि तिने त्या गडाच्या आतच भोजनसमारंभ केला. मंडळीचे पुढारी होते सर्जन विल्यम वाइल्ड, म्हणजे नाटककार ऑस्कर वाइल्डचे वडील. सशांच्या मागे लागून तटाचे दगड उपसू नका, अशी विनंती त्यांनी त्या वेळी बेटावरील लोकांना केली. विनंती योग्यच होती. परंतु गड कोणी बांधला, केव्हा बांधला, तेथे कोण राहत होते, याविषयी त्या पंगतीतील पंडितांपाशी दंतकथेपलीकडे फारसे काही नव्हते.

पुढे १८८० नंतरच्या दशकात सरकारी बांधकाम खात्याने गडाची दुरुस्ती हाती घेतली. ढासळलेले दगड पुन्हा रचले, आतला तट सुमारे वीस फुटांपर्यंत उचलला, ठिकठिकाणी बाहेरून टेकू बांधले. या दुरुस्तीमुळे तट वाचला, हे आम्ही निःसंकोचपणे मान्य करतो. पण बांधणाऱ्यांनी पायाशी काय आहे ते तपासले नाही. परिणामी प्रवासी ज्या भव्य भिंतीपुढे स्तिमित होतो, तिच्यातील कोणता दगड प्राचीन आणि कोणता खात्याने चढविलेला, हे ओळखणे अनेक ठिकाणी जाणकारासही कठीण झाले आहे.

खरी हकीगत बाहेर यावयास आणखी शतक जावे लागले. आयर्लंडच्या सरकारने १९९१ साली पुरातत्त्वसंशोधनासाठी ‘डिस्कव्हरी प्रोग्रॅम’ ही संस्था स्थापन केली. तिच्या वतीने क्लेअर कॉटर यांच्या नेतृत्वाखाली १९९२ ते १९९५ या काळात डून एंगसच्या काही भागाचे उत्खनन झाले. तटाच्या आत घरांचे अवशेष निघाले, फरसबंद जमिनी निघाल्या, चुली निघाल्या. ढिगांनी हाडे निघाली, त्यांत मेंढ्यांची अधिक. आणि खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांची टरफले. कांस्याच्या तलवारी, भाल्यांची पाती आणि कुऱ्हाडी ओतण्याचे मातीचे साचे निघाले, धातू वितळविण्याच्या मुशी निघाल्या. एके ठिकाणी कांस्याची चार कडी एकत्र ठेवलेली सापडली. आता हे ध्यानात घ्या की, या चुनखडकाच्या बेटावर ना तांबे, ना कथील. म्हणजे ओतकामाचा सगळा माल होडीतून समुद्र ओलांडून आणि मग चढण चढून या उघड्या, वाऱ्याने झोडपलेल्या माथ्यावर येत होता. असा माल आणविणारा मनुष्य सामान्य मेंढपाळ नसावा, त्याच्या हाती काही सत्ता असावी, हे अनुमान मग आपोआप पुढे येते.

कालगणनाही बदलली. या माथ्यावर माणसांचा वावर इसवी सनापूर्वी सुमारे १५०० पासूनचा. पहिल्या भिंती आणि घरे इ. स. पूर्व ११०० च्या सुमाराची. मोठा तट इ. स. पूर्व ८०० च्या आसपासचा. आज दिसणाऱ्या तटबंदीतील बराचसा भाग मात्र त्यानंतर दीड हजार वर्षांनी, इ. स. ७०० ते ८०० च्या सुमारास मजबूत केलेला. एकाच तटात तीन काळ आणि त्यांवर चौथा बांधकाम खात्याचा! यातील एकही गोष्ट तटाकडे नुसते पाहून कळण्यासारखी नव्हती. ती मातीच्या थरांतून कळली. शाळेत किल्ल्याचे चित्र काढावयास सांगितले की प्रत्येक मूल बुरूज काढते, झेंडा काढते. चूल कोणी काढीत नाही. मोठ्यांच्या समित्याही बहुधा तेच चित्र डोळ्यांपुढे ठेवून काम करीत असतात.

या उत्खननाचा सविस्तर अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला तो २०१२ साली, म्हणजे शेवटची कुदळ थांबल्यावर सतरा वर्षांनी. एवढा विलंब आम्हांस मुळीच प्रशंसनीय वाटत नाही. पण अहवाल झाला, ही गोष्ट लहान नाही.

हे सारे आमच्याकडे कोणास ठाऊक नाही, असे नव्हे. डून एंगसच्या माथ्यावर कांस्य ओतले जात होते त्याच शतकांत घोड नदीच्या काठी इनामगाव येथे तांबे वापरणारे शेतकरी राहत होते. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात हंगामामागून हंगाम तेथे खणले आणि १९८८ साली अहवाल दिला. ही परंपरा पुण्यात असताना किल्ल्यांच्या बाबतीत गवंडी पुढे आणि संशोधक मागे, अशी वरात का निघावी?

यावर दोन आक्षेप येतील. सह्याद्रीचा पाऊस उत्खननाची वाट पाहत नाही, हा पहिला. तो खरा आहे. कोसळू पाहणाऱ्या बुरुजाला तत्काळ टेकू द्यावा. परंतु टेकू देणे वेगळे आणि नवा तट चढविणे वेगळे. दुसरा आक्षेप असा की, शिवकालाची पत्रे आणि बखरी उपलब्ध आहेत, मग खणावयाचे कशाला? कागदांत हवालदार भेटतो, सबनीस भेटतो, कारखानीस भेटतो. गडावर बारमाही राहणाऱ्या शिबंदीची बायकामुले काय शिजवीत होती, कोणती भांडी वापरीत होती, हे कागद क्वचितच सांगतो. शिवाय यातील काही गड शिवकालाहून कितीतरी जुने. शिवनेरीच्या कड्यातील बौद्ध लेणी हा त्याचा उघडा पुरावा.

बारांपैकी आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि साल्हेर, राजगड, खांदेरी व प्रतापगड हे चार राज्याच्या संचालनालयाकडे. आमची या दोघांकडे मागणी मोजकी आहे. दुरुस्तीच्या प्रत्येक निविदेत बांधकामापूर्वीच्या उत्खननाची तरतूद असावी आणि अहवालाच्या छपाईचा खर्च आरंभीच राखून ठेवावा. ढासळलेला दगड हलविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र व नकाशा तयार व्हावा. नव्याने बसविलेला दगड ओळखू येईल अशी खूण त्यावर असावी. आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग या समुद्राशी झुंजणाऱ्या चार दुर्गांपासून या कामास आरंभ व्हावा. कारण तेथे लाटा रोज पायाशी येत आहेत.