सनदेला वयाची अट कशाला?
(द्वितीय वर्ष कला)

चाळिशी लागली की माणसाने चष्म्याचा नंबर काढून घ्यावा, कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरू नये, असा आपल्या समाजात एक अलिखित दंडक आहे. शिक्षण म्हणजे ठरल्या वेळेला सुटणारी गाडी. दहावी, बारावी, पंधरावी ही तिची स्टेशने. जो वेळेवर चढला तो पोहोचला; ज्याची चुकली त्याने फलाटावर उभे राहून हात हलवावा. ही समजूत इतकी खोल रुजली आहे की गाडी का चुकली हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

आमच्या शिरगाव-सातपाटी-माहीमच्या पट्ट्यात ती आळसामुळे चुकलेली नाही. कोणाचा बाप अकाली गेला, कोणाच्या पाठीवर तीन भावंडे होती, कोणाच्या घरी बोटीचे कर्ज होते. अठरा वर्षे पुरी झाली की बोईसरला 'कंपनीत लागायचे' हाच इथला रिवाज. अशी माणसे पुढे मुले मोठी झाल्यावर, घर जरा सावरल्यावर पुन्हा पुस्तकाकडे वळतात. तेव्हा त्यांना आपण काय म्हणतो? "आता या वयात?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि वकिलीच्या बाबतीत तर तो सर्वांत जास्त चुकीचा आहे.

आधी नियम काय सांगतो ते पाहू, कारण या विषयावर ऐकीव माहितीच फार फिरते. भारतीय वकील परिषदेने २००८ च्या कायदेशिक्षण नियमांत एक कलम घातले होते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीस ही प्रवेशाची कमाल वयोमर्यादा. राखीव वर्गांना त्यात थोडी सूट. या कलमावर निरनिराळ्या उच्च न्यायालयांत वाद झाले. ते मागे घेतले गेले आणि पुन्हा आले. सप्टेंबर २०१६ मध्ये परिपत्रक काढून परिषदेने ही मर्यादा परत लागू केली, आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला स्थगिती दिली. आज महाराष्ट्र शासनाच्या विधी प्रवेशपरीक्षेला वयाची वरची अट नाही. पदवी आणि ठरलेले किमान गुण असले की एकवीस वर्षांचा मुलगा आणि एक्कावन्न वर्षांच्या बाई एकाच बाकावर बसून तोच पेपर सोडवू शकतात. बारावीनंतर दूरशिक्षणाने मिळवलेली पदवीही चालते.

याच्याही आधीचा एक निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. वयाची पंचेचाळीस वर्षे उलटलेल्या माणसाला वकील म्हणून सनद द्यायची नाही, असा नियम परिषदेने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली तो रद्द केला. न्यायालयाचा एक मुद्दा आपल्यासारख्या सामान्य वाचकालाही सहज पटावा असा आहे. तरुणपणी सनद घेऊन, पुढे वकिली सोडून, पन्नाशीत परत येणाऱ्याला दार उघडे; आणि पन्नाशीत पहिल्यांदा येणाऱ्याला मात्र बंद! वय दोघांचे सारखेच, मग हा भेद कशासाठी? समतेच्या कलमापुढे हा नियम टिकला नाही.

आता इतिहासाकडे वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, तेव्हा कोठे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले तेव्हा एकतीस वर्षांचे होते. बुद्धीला उशीर झाला नव्हता, पैशाला झाला होता. पुढे तेच मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

दुसरे उदाहरण नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींचे. १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणारी ही पहिली स्त्री. पण स्त्रियांना पदवी द्यायला ऑक्सफर्ड तेव्हा तयार नव्हते, आणि स्त्रियांना वकिली करू द्यायला हिंदुस्थानातील न्यायालये तयार नव्हती. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ साली झाला. तोवर कॉर्नेलियाबाई छप्पन्न वर्षांच्या झाल्या होत्या. त्यांना उशीर झाला असे म्हणायचे, की उशीर समाजाने केला असे म्हणायचे? वाचकांनीच ठरवावे.

ही मोठी माणसे झाली. पण मला लिहावेसे वाटले ते माझ्या आत्यामुळे. ती बेचाळीस वर्षांची आहे. बारावी झाल्यावर ती बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला लागली, कारण पाठची दोन भावंडे शिकायची होती. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी प्रत्यक्ष चढणारी मी पहिली; पण पदवी माझ्या आधी आत्याने मिळवली, दूरशिक्षणाने, पाळ्या सांभाळून. गावातल्या बाया तिच्याकडे कागद घेऊन येतात. तलाठ्याची नोटीस, फेरफार, सातबारा आणि हक्कसोडपत्र. भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर अंगठा उठवण्याआधी ती त्यांना ते वाचून दाखवते, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे हेही सांगते. सही करायची की नाही ते त्या ठरवतात. पण समजून ठरवतात. हीच आत्या एका विधी महाविद्यालयाच्या खिडकीवर चौकशीला गेली, तेव्हा आतून प्रश्न आला, "बाई, मुलीसाठी फॉर्म हवाय ना?" ती हसली आणि म्हणाली, "नाही, माझ्यासाठी." खिडकीतल्या गृहस्थांनी 'तुमचे वय बसत नाही' असे सांगून तिला परत पाठवले. ज्या नियमाला स्थगिती मिळून कित्येक वर्षे झाली, तो अशा खिडक्यांवर अजून जिवंत आहे. तिने मात्र या वर्षी परीक्षेचा अर्ज भरला आहे.

आमच्या भागाला अशा माणसांची गरज का आहे, हे पालघर जिल्ह्याचा नकाशा पाहिला तरी कळते. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, आणि पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने निकाल दिला. वाढवण बंदराला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, त्याचेही वाद कोर्टात गेले. पूर्वेकडच्या तालुक्यांत वनहक्काचे दावे आहेत. १९४५ साली गोदावरी परुळेकर तलासरी-डहाणूच्या वारली पाड्यांवर आल्या आणि वेठबिगारीविरुद्ध लोक उभे राहिले. त्या कायद्याच्या पदवीधर होत्या. त्यांचे ऋण आपण विसरू नये. पण कायदा जाणणारे माणूस दर वेळी बाहेरूनच यावे काय? खाडीचे पाणी काळे होताना ज्याने वीस वर्षे पाहिले, कंपनीच्या फाटकावर ज्याने वीस वर्षे हजेरी लावली, तो वकील झाला तर अशिलाची अडचण त्याला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

याविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की वयस्क माणूस तरुणाची जागा अडवतो. मी स्वतः एकोणीस वर्षांची आहे, तेव्हा हा आक्षेप माझ्याच वतीने घेतला जातो असे समजायला हरकत नाही. पण प्रवेश परीक्षेच्या गुणांवर आहे. आत्याला माझ्याहून जास्त गुण मिळाले तर जागा तिची, मला मिळाले तर माझी. यात अडवणूक कसली?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वकिलीत जम बसायला वर्षे लागतात, ज्युनिअरला सुरुवातीला मिळते ते फार थोडे, आणि घरसंसार असलेल्या माणसाला ते परवडणारे नाही. हे खरे आहे, आणि अर्ज भरणाऱ्याने ते डोळे उघडे ठेवून लक्षात घ्यावे. पण परवडते की नाही हा हिशेब त्या माणसाने करायचा आहे. तो परिषदेनेही करू नये, शेजाऱ्यानेही करू नये. शिवाय प्रत्येक वकील उच्च न्यायालयातच उभा राहतो असे थोडेच आहे? तालुक्याचे कोर्ट, लोकअदालत, मोफत कायदेशीर मदत केंद्र, महसुलाची प्रकरणे ही कामेही वकिलाचीच. पंचेचाळिसाव्या वर्षी सनद घेतली तरी पुढे वीस वर्षे काम करता येते.

माझ्या मते खरी अडचण वयाची नाही, वेळेची आणि पैशाची आहे. नियमाने सत्तर टक्के हजेरी लागते आणि वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेतच घ्यावे लागतात. हजेरी नकोच, असे मी म्हणणार नाही. कायदा नुसत्या गाइडवर शिकता येत नाही. पण याच चौकटीत दुपारी चार ते सातची तुकडी काढता येणार नाही काय? पहिल्या पाळीचा कामगार तीनला सुटतो. बोईसरहून पालघर दोन स्टेशनांवर आहे. तो चारला बाकावर बसू शकेल. पैशाच्या बाबतीत एक अडसर नुकताच दूर झाला. वेगवेगळ्या राज्यांच्या वकील परिषदा सनदेच्या नोंदणीसाठी हजारो रुपये घेत असत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात लिहिलेल्या साडेसातशे रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशे रुपयांपेक्षा, जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. ज्याच्या घरात महिन्याचा पगार मोजून खर्च होतो, त्याला या निकालाची किंमत कळेल.

आपल्या महाविद्यालयालाही यात काही करता येईल. विधी प्रवेशपरीक्षेची माहितीसभा आपण तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी घेतो, तशी एक रविवारी गावासाठी घ्यावी. माजी विद्यार्थ्यांना आणि दूरशिक्षणाने पदवी घेतलेल्यांना ग्रंथालयात बसू द्यावे. अर्ज संगणकावर भरावा लागतो, तो भरायला आमच्यापैकी चार जणांनी मदत करावी. याला फार खर्च नाही.

आणि आपण तरुणांनी एक करावे. वर्गात शेवटच्या बाकावर कोणी पिकल्या केसांचे येऊन बसले तर कुजबुजू नये. जमीन, पगार आणि पोलीसचौकी या तिन्ही ठिकाणी कायदा कसा वागतो हे त्यांनी पाहिले आहे. आपण फक्त वाचणार आहोत. वही उघडून त्यांच्या शेजारी बसावे. आपला फायदाच होईल.